फुंकणीचा आकडा

मी सात वर्षांची होईपर्यंत उंच होणं ही चांगली गोष्ट असते असंच समजत होते. मग मला त्याची भीती वाटायला लागली. मी पाय पोटाशी घेऊन झोपायची, कारण पाय ताणून झोपलं की पोर लवकर वाढतं असं शेजारच्या मावशी म्हणाल्या होत्या. आता हसू येतं. तेव्हा मात्र भिंतीवर पेन्सिलीची नवी रेघ ओढली जायची त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळायचं.

आम्ही मूळचे नंदुरबारकडचे. बा, म्हणजे माझे वडील, सोळाव्या वर्षी सुरतेला आले आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात लागले ते कायमचे. गोडादऱ्यात आमची एक खोली होती. आई घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि महापालिकेच्या शाळेत पुस्तकातली मराठी असा आमचा कारभार होता. खोकला मात्र मी सगळीकडे एकच खोकायची. तीन-चार वर्षांची असल्यापासून माझ्या छातीत शिट्टी वाजायची. आई ओवा शेकायची, हळद पाजायची, आणि पोरीची जात म्हणून ‘दमा’ हा शब्द घरात कोणाला उच्चारू द्यायची नाही.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला आणि आमची गल्ली दोन दिवसांत रिकामी झाली. आम्हीही उधन्याहून गाडी धरली, मामाच्या गावाला जायला. डब्यात बहुतेकांनी तोंडाला रुमाल बांधले होते. गाडी सुटली आणि मला खोकल्याची उबळ आली. समोरच्या बाईने आपली पोरं ओढून घेतली. एक माणूस उभा राहून ओरडायला लागला, की यांना पुढच्या स्टेशनावर उतरवा, नाहीतर मी साखळी ओढतो. बांनी माझं तोंड आपल्या छातीत दाबून धरलं आणि कानात म्हणाले, “गिळी टाक, माय. खोकला गिळी टाक.” मी गिळला. नंदुरबार येईपर्यंत मी गिळतच होते. त्या शर्टाला कारखान्याच्या तेलाचा वास होता, आणि अजून मशीनच्या तेलाचा वास आला की मी खोकला गिळते.

मामाकडे आम्ही महिनाभर राहिलो. आठ दिवसांत माझी शिट्टी थांबली. मी शेतात पळायला लागले. सुरतेला परत आलो आणि आठवडा सरायच्या आत शिट्टी परत सुरू. आईने हिशेब एकदम पक्का केला. ती बांना म्हणाली, “पोरले भाऊकडे धाडी देऊत. आठनी हवा तिले मानत नही.” म्हणजे इथली हवा हिला मानवत नाही, मला मामाकडे पाठवून द्यायचं. कायमचं. मी दाराशी खड्यांचे डबे लावत बसले होते, ते तसेच हातात राहिले. मामा प्रेमळ होता, मामी त्याहून प्रेमळ. पण तिथे रोज संध्याकाळी आई नसणार, बा नसणार. प्लेगची भीती सगळ्या गावाला होती, ती गेलीही. ही भीती माझ्या एकटीची होती आणि ती घरातच राहायला आली.

बा म्हणाले, आधी दवाखान्यात दाखवू. लिंबायतकडे एक धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या गुजराती डॉक्टरबाईंना सगळे डॉक्टरबेन म्हणत. त्या आमच्याशी हिंदीत बोलत. त्यांनी पाठीला नळी लावून ऐकलं आणि आई जो शब्द बोलू देत नव्हती तो सरळ बोलून टाकला. मग टेबलावरून एक प्लास्टिकची नळी काढली. तिच्यावर आकडे आणि एक छोटा लाल काटा. उभं राहायचं, पोटभर श्वास घ्यायचा, ओठ घट्ट आवळायचे आणि एका दमात जोराने फुंकायचं. काटा जिथे थांबेल तो आपला आकडा. आईने घरी आल्यावर तिचं नाव फुंकणी ठेवलं.

माझा आकडा आला एकशे चाळीस. डॉक्टरबेननी खणातून एक कागद काढला. त्यावर एका बाजूला उंची, दुसऱ्या बाजूला आकडा, आणि मधून वर वर चढत गेलेली एक रेघ. त्या म्हणाल्या, मूल वाढतं तशी त्याची छाती आतूनही वाढते, नळ्या रुंद होतात, हवेची जागा वाढते. म्हणून उंचीबरोबर हा आकडा चढलाच पाहिजे. “बीस-बाईस साल तक जितना भरना है, भर लो,” त्या म्हणाल्या. “फिर जिंदगीभर उसीमें से खाना है.” आईला हे पटकन कळलं. कणगी आहे म्हणजे, ती म्हणाली. सुगीत भरली तर भरली.

मला त्यातलं एवढंच कळलं, की मी आता आहे तिथे आकडा कमी आहे. आणि जसजशी मी उंच होईन तसतसा जास्त आकडा मागितला जाईल. निघताना आईने दारातच जाहीर केलं, की वर्षभर बघू. आकडा चढला नाही तर शाळेचा दाखला काढायचा आणि मामाकडे.

डॉक्टरबेननी औषधाचा एक पंप दिला, सकाळ-संध्याकाळ ओढायचा, आणि आपल्याकडची एक जुनी फुंकणी दिली. बांनी शंभर पानी वहीला भोक पाडून ती भिंतीवर खिळ्याला टांगली. बांची पाळी दिवसाची असो की रात्रीची, सकाळी सातला ते घरी असायचेच. एकतर कामावरून येत तरी असायचे, नाहीतर निघत तरी असायचे. तेव्हा मी तीनदा फुंकायची आणि सगळ्यात मोठा आकडा बा वहीत लिहायचे. “फुक माय, जोरमा फुक,” म्हणायचे. बांचं शिक्षण चौथी, पण अक्षर असं गोल की शाळेच्या बाईंनी बघत राहावं. महिन्याच्या पहिल्या सुट्टीला ते मला भिंतीशी उभं करायचे, डोक्यावर पाटी आडवी धरायचे आणि पेन्सिलीने रेघ मारायचे.

पंपाने गुण येत होता, पण हळू. आणि मी मात्र वेलासारखी वाढत होते. वर्षाची मुदत सरली तेव्हा आकडा जेमतेम दहाने चढला होता. दहा तर दहा, चढला ना, म्हणून बांनी आईकडून आणखी एक वर्ष मागून घेतलं. त्या वर्षात एकशे पन्नास, एकशे पंचेचाळीस, परत एकशे पन्नास. भिंतीवरच्या रेघा चढत होत्या आणि वहीतला आकडा जागचा हलत नव्हता. आई दोन्हींकडे बघायची आणि काही बोलायची नाही.

मग मी एक उपाय काढला. भिंतीशी उभं राहिलं की परकराच्या आत गुडघे वाकवायचे. दोन महिने माझी उंची वाढलीच नाही. बा परत परत पाटी लावून बघायचे, डोकं खाजवायचे. तिसऱ्या महिन्यात दवाखान्यातल्या सिस्टरने माझे खांदे धरून मला सरळ केलं आणि एकदम तीन बोटं उंची निघाली. डॉक्टरबेननी कागदावरच्या रेघेवर बोट ठेवलं, मग माझ्या आकड्यावर. दोन्हींत चांगलंच अंतर पडलं होतं. त्या गुजरातीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. आईने त्याच दिवशी बांना मामाला पत्र लिहायला लावलं.

दुसरा उपाय मला कारखान्यात सापडला. शाळा सुटल्यावर मी कधीकधी बांचा डबा घेऊन जायची. तिथे इतका आवाज असायचा की माणसं बोटांनी बोलायची. लूमवर दोरा घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या त्या लाकडी होडीला धोटा म्हणतात. आतल्या कांडीवरचा दोरा संपला की नवी कांडी घालायची आणि दोऱ्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते सुईने काढत बसायला वेळ कोणाला? कारागीर भोकाला तोंड लावून एका दमात ओढून घेतो, आणि दोऱ्याबरोबर तोंडात आलेली तूस, म्हणजे धाग्याची बारीक लव, जिभेच्या टोकाने ‘थू’ करून फेकतो. दिवसातून शेकडो वेळा. बांची ती थू सगळ्यांत जलद होती. तोंड जेमतेम उघडायचं आणि तूस हातभर लांब जायची. मला त्याचा फार अभिमान होता आणि मी घरी कांडीच्या रिकाम्या नळीवर त्याची नक्कल करायची.

एका सकाळी फुंकणीच्या तोंडाशी काहीतरी चिकटलं होतं, साडीचा धागा असेल. तो जिभेला लागला आणि फुंकता फुंकता माझ्याकडून सवयीने थू झालं. काटा टणकन उडाला आणि दोनशेच्या पुढे जाऊन थांबला.

बा वहीवर वाकून तारीख घालत होते. लूमवर वीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान जातात तसे त्यांचेही गेले होते. त्यांना ती थू ऐकू गेली नाही. त्यांनी मान वर केली, काटा पाहिला आणि फुंकणी हातात घेऊन खिडकीच्या उजेडात नेली. “दोनशे दहा,” ते म्हणाले, आणि आईला हाक मारली. आई हाताला लागलेला डिंक न पुसताच धावत आली. तिने माझ्या डोक्यावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. पण तिच्या चेहऱ्यावरून मामाचं गाव पुसलं गेलेलं मला दिसलं, आणि मी गप्प बसले.

त्यानंतर रोज. मी हुशारीने करत होते. एकदम उडी नाही, महिन्याला पाच, कधी दहा, मध्येच थोडं खाली. त्या कागदावरची रेघ मला पाठ झाली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, बा नुसते जवळ आले तरी मी दचकायची. दवाखान्यात बाहेर मोठी रांग असायची, म्हणून फुंकायचं काम सिस्टरकडे होतं. ती काटा बघायची, माझं तोंड नाही. सगळ्यात जास्त भीती मला स्वतःचीच वाटायची, कारण जिना चढताना धाप लागायची तेव्हा मला माहीत असायचं की वहीत लिहिलेली मुलगी मी नाही. डॉक्टरबेन वही उलटून खूश झाल्या. पंप दोन वेळांऐवजी एक वेळ, म्हणाल्या. पुढे तोही एक दिवसाआड.

हिवाळ्यात शाळेत कवायतीची तालीम सुरू झाली. सकाळची वेळ, मैदानात धूळ आणि पांडेसऱ्याच्या कारखान्यांकडून आलेला धुराचा आंबूस वास. तिसऱ्या फेरीला माझ्या छातीत कोणीतरी दार लावून घेतलं. हवा आत जात होती, बाहेर निघत नव्हती. मी तोंड उघडलं तर आवाज नाही. बाईंचा चेहरा जवळ आला, त्यांचे ओठ हलत होते आणि मला फक्त माझी शिट्टी ऐकू येत होती. मग ती शिट्टीसुद्धा थांबली. मी मरते आहे असं मला वाटलं नाही. मला वाटलं, आता सगळ्यांना कळणार.

बाईंनी रिक्षात घालून मला दवाखान्यात नेलं. शिपायाने कारखान्यात जाऊन बांना सांगितलं. मी शुद्धीवर नीट आले तेव्हा माझ्या तोंडावर वाफेचं मशीन होतं, आणि बा दारात उभे होते, केसांत पांढरी तूस, बगलेत ती वही. घरी जाऊन आधी त्यांनी वही उचलली होती.

दुपारी डॉक्टरबेननी फुंकणी माझ्या हातात दिली. मी खरं फुंकलं, दुसरं काही करायची ताकदच नव्हती. नव्वद. त्यांनी वही उघडली. त्याच सकाळच्या तारखेपुढे बांच्या गोल अक्षरात दोनशे चाळीस लिहिलं होतं.

“ये किसने लिखा?”

“मैंने,” बा म्हणाले.

“घर बैठे लिख दिया? बच्ची मर जाती. इसी कागज के भरोसे मैंने दवा कम की है.”

बांनी मान खाली घातली. आपण काय चुकलो हे त्यांना कळत नव्हतं, पण डॉक्टर रागावले म्हणजे आपणच चुकलो असणार, असं ते उभं राहणं होतं. मोठ्या माणसासमोर बा नेहमी तसेच उभे राहत, आणि मला ते कधीच सहन व्हायचं नाही. मी फुंकणी ओढून घेतली. काटा खाली केला. ओठ लावले आणि थू. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा काटा उडून दोनशेच्या पुढे गेला.

“बा, मीच खोटं फुकं,” मी म्हणाले, आणि रडायला लागले. रडताना परत धाप लागली.

डॉक्टरबेन काट्याकडे बघत राहिल्या. हवा छातीतून आलेलीच नव्हती, ती गालातली होती, हे त्यांना कळलं; पण पोरीला ही कला आली कुठून ते कळेना. बांना मात्र लगेच कळलं. “हाई ते धोटानी फुक शे,” ते म्हणाले. ही तर धोट्याची फुंक. मग त्यांनी हिंदीत, हातवारे करून, धोटा कसा, भोक कसं, तूस कशी, सगळं सांगितलं. डॉक्टरबेन म्हणाल्या, करून दाखवा. बांनी करून दाखवलं आणि काटा माझ्यापेक्षा कितीतरी पुढे गेला. मला रडता रडता त्याचाही अभिमान वाटला.

“अब जीभ पीछे रखके,” डॉक्टरबेन म्हणाल्या. “सीने से.”

बांनी छाती भरून घेतली आणि फुंकलं. मग परत. मग तिसऱ्यांदा, डोळे मिटून. तिन्ही वेळा काटा अडीचशेच्या आसपास थांबला. डॉक्टरबेननी आपला कागद उचलला, आणि बांच्या उंचीपुढे बोट ठेवलं. इतक्या उंच माणसाचा आकडा याच्या दुप्पट हवा होता. त्यांनी विचारलं, किती वर्षं लूमवर? बा म्हणाले, वीस. धाप लागते? बा म्हणाले, ती काय, सगळ्यांनाच लागते.

माझ्याबद्दल त्या शेवटी म्हणाल्या, की हिची छाती अजून वाढते आहे, औषध नेमाने घेतलं तर भरून निघेल. पण गावी औषध कोण बघणार, तिला इथेच राहू द्या. मी इतके महिने ज्यासाठी खोटं बोलले ते मला असं आयतं मिळालं. बांबद्दल त्या म्हणाल्या, यांची वाढायची वर्षं संपली. आहे ते सांभाळायचं. आकडा सव्वादोनशेच्या खाली गेला तर लूम सोडावा लागेल.

परतताना बांनी मला पाठुंगळी घेतलं होतं. मी विचारलं, मला आता धाडणार का? “तुले कोन धाडस?” ते म्हणाले. तुला कोण पाठवतंय. मग थोडं चालून थांबले, दम घेतला आणि हसले. “बापनी आंडेर शे खरी.” बापाचीच लेक आहेस खरी. मी त्यांच्या पाठीला कान लावला होता. आतून बारीक शिट्टी ऐकू येत होती, आणि ती माझी नव्हती.

त्या दिवसापासून वहीत दोन रकाने झाले. माझा रोजचा आणि बांचा महिन्यातून एकदा. माझा आकडा खरोखरच चढायला लागला. पंप दोन्ही वेळ, जीभ मागे. अकरा वर्षांची असताना एका सकाळी माझा काटा बांच्या आकड्याच्या पुढे गेला. बा आनंदाने वेडे झाले. “दख, बाप मांगे पडना!” बघ, बाप मागे पडला, असं आईला ओरडून सांगत नाक्यावरून खमण घेऊन आले. मी खमणाचं ताट तसंच ठेवून मोरीत जाऊन बसले आणि नळ सोडून रडले. पोरांनी बापाच्या पुढे जावं म्हणतात. पण मी त्यांच्या पुढे फारशी गेले नव्हते, तेच मागे येत होते.

नव्याण्णवच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी सातवीत होते. पुढे हायस्कूलला जायचं होतं, आणि ते सुरतेत राहिलो तरच. लूम सुटला तर गावी जाणं होतं. गावी आमची जमीन नव्हती, काम नव्हतं. हे घरात कोणी बोलून दाखवलं नव्हतं, जसं माझ्या वेळी आई बोलत नव्हती. त्या सकाळी बा रात्रपाळीवरून आले. पहिल्यांदा फुंकलं, दोनशे दहा, सव्वादोनशेला कमी. दुसऱ्यांदा, दोनशे पाच. मग त्यांनी पाणी प्यायलं, आणि तिसऱ्या वेळी फुंकणी घेऊन भिंतीकडे तोंड केलं. माझ्या उंचीच्या रेघांसमोर उभे राहिले.

त्यांच्या कानांना ऐकू येत नव्हतं, पण माझे कान चांगले होते. थू.

त्यांनी वळून काटा दाखवला. तीनशे दहा. “लिख, माय,” म्हणाले, आणि वही लिहायला पहिल्यांदाच माझ्याकडे दिली.

खोट्या आकड्याने पुढे काय होतं हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. ‘जीभ मागे घे, बा,’ एवढंच म्हणायचं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते दवाखान्यात उभे राहिले होते तसे, मान खाली घालून उभे होते. मला भीती वाटली, इतकी कधीच वाटली नव्हती, मैदानातसुद्धा नाही.

ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात माझे सगळे खोटे आकडे बांच्या गोल अक्षरात आहेत. तो तीनशे दहा माझ्या अक्षरात आहे.